विमानप्रवासातील प्राणवायू : साठवलेला आणि जागीच तयार केलेला

प्रस्तुत लेखक हा उर्दू आणि मराठी या भाषांचा अध्यापक आहे, वैद्यकशास्त्राचा किंवा विमानवाहतुकीचा नव्हे. तरीही हा विषय निवडण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. त्या प्रसंगाच्या मुळाशी यंत्राचा दोष नव्हता, शब्दांचा घोटाळा होता, आणि शब्दांचा घोटाळा म्हटला की तो आमच्या खात्यात येतो. कम्युनिटी कॉलेजांतून रुग्णसहायक, औषध दुकानातील मदतनीस, प्रवास आणि पर्यटन असे अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अध्यापकांना या माहितीचा वर्गात उपयोग होईल, या हेतूने ती येथे मांडली आहे.

प्रसंग असा. उज्जैनला राहणाऱ्या माझ्या मामूंना 2021 च्या मे महिन्यात कोरोना झाला. ते वाचले, पण फुफ्फुसे पूर्वीसारखी राहिली नाहीत. त्या वेळी घरी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर घेतला होता. खाली चार चाके असलेले, लहान कपाटाएवढे यंत्र. विकणाऱ्याने 'पोर्टेबल आहे, कुठेही न्या' असे सांगितले होते आणि या खोलीतून त्या खोलीत ते खरोखरच जात होते. पुढे डिसेंबर 2022 मध्ये मुंबईच्या एका डॉक्टरांची भेट ठरली. उज्जैनहून मुंबईला जायचे तर आम्ही बहुधा अवंतिका एक्सप्रेसने जातो, पण मामूंना रात्रभराचा प्रवास झेपणार नाही म्हणून इंदूरहून विमानाची तिकिटे काढली. तिकीट काढताना फोनवर मी स्वतः विचारले होते, 'ऑक्सिजनची मशीन चालेल ना?' पलीकडून उत्तर आले, 'हो, पोर्टेबल असेल तर चालेल.' माझा प्रश्न अर्धवट होता आणि उत्तर बरोबर होते. विमानतळाच्या काउंटरवर पंधरा किलोचे, बॅटरी नसलेले, भिंतीतल्या विजेवरच चालणारे ते यंत्र पाहून तेथील मुलीने शांतपणे मान हलविली. यंत्र सामानात गेले असते तर मामूंना आकाशात प्राणवायू मिळाला नसता. मग भाड्याच्या गाडीतून आम्ही उज्जैनला परत आलो. वाटेत मामू एवढेच म्हणाले, 'बेटा, तू तर दोन भाषा शिकवतोस.'

विमानात हवा विरळ का असते

विमानाचा केबिन बंद असतो, त्यात हवेचा दाब राखलेला असतो, मग आजाऱ्याला तेथे अधिक त्रास का व्हावा, ही पहिली शंका विद्यार्थी घेतात. दाब राखलेला असतो हे खरे, पण तो जमिनीवरचा नसतो. प्रवासी विमानांच्या केबिनमधील दाब समुद्रसपाटीपासून जास्तीत जास्त 8,000 फूट, म्हणजे सुमारे 2,438 मीटर उंचीवर असतो तेवढा खाली येऊ दिला जातो. उज्जैन सुमारे 490 मीटर उंचीवर आहे. मध्य प्रदेशातील सर्वांत उंच ठिकाण म्हणजे पचमढीचे धूपगड, ते साधारण 1,350 मीटर. महाराष्ट्रातील कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे उड्डाण सुरू झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत आपला रुग्ण कळसूबाईपेक्षाही कितीतरी वर, सिमल्याच्याही वर जाऊन बसलेला असू शकतो, तोही खुर्चीत बसल्या बसल्या. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेथेही 21 टक्केच असते. पण दाब कमी झाल्यामुळे शरीराच्या दृष्टीने ते समुद्रसपाटीवरील सुमारे 15 टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घेतल्यासारखे होते. निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा काही टक्क्यांनी उतरलेला दिसतो आणि त्याला स्वतःला काहीच कळत नाही. ज्याचा आकडा जमिनीवरच 91-92 आहे, त्याच्याजवळ उतरायला जागा नसते. म्हणूनच छातीच्या आजाराचे डॉक्टर काही रुग्णांना जमिनीवरच 15 टक्के ऑक्सिजनच्या हवेत बसवून चाचणी घेतात आणि मग ठरवितात की विमानात प्राणवायू लागेल की नाही. जमिनीवर ऑक्सिजन न लागणाऱ्या रुग्णालाही वर तो लागू शकतो, ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना बहुधा ठाऊक नसते.

दुसरी शंका हमखास येते: विमानात मास्क असतातच ना, वरून खाली पडणारे? ते मास्क रुग्णासाठी नाहीत. केबिनमधील दाब अचानक नाहीसा झाला तर वैमानिक विमान खाली आणीपर्यंतच्या काही मिनिटांची ती सोय आहे. पुष्कळ विमानांत तो ऑक्सिजन टाकीत साठवलेलाही नसतो. आसनांच्या वर बसवलेल्या लहान नळकांड्यांत सोडियम क्लोरेट व इतर रसायने असतात, मास्क ओढला की रासायनिक क्रिया सुरू होते आणि वायू तयार होतो. एकदा सुरू झालेली क्रिया मध्येच थांबविता येत नाही, आणि नळकांडे फार तापते. या नळकांड्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

एकाच नावाच्या वेगवेगळ्या वस्तू

मराठीत आपण 'प्राणवायू' असा सुंदर शब्द घडविला. त्या शब्दामुळे त्या वायूविषयी केवळ ममता वाटते. धोक्याच्या मालाचे नियम लिहिणाऱ्यांच्या यादीत मात्र हाच वायू ज्वलनाला बळ देणाऱ्या पदार्थांत मोडतो. शालेय पुस्तकातले वाक्य आठवावे: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळण्यास मदत करतो. बंद केबिनमध्ये ही मदत नको असते. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत दाबाखाली भरलेल्या ऑक्सिजनला 1072 हा क्रमांक आहे, अतिशीत द्रवरूप ऑक्सिजनला 1073, आणि रासायनिक ऑक्सिजन जनित्राला 3356. बोलताना आपण सगळ्यांनाच 'ऑक्सिजन' म्हणतो. काँसन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र, या तिन्हींत बसत नाही, कारण त्यात ऑक्सिजन साठवलेलाच नसतो. एवढा एक भेद ध्यानात आला की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत: साठवलेल्या ऑक्सिजनला विमान घाबरते, जागीच तयार होणाऱ्याला घाबरत नाही, त्याच्या बॅटरीला मात्र घाबरते.

साठवलेल्या ऑक्सिजनचा धडा आपल्या भागाने 2021 च्या एप्रिलमध्ये डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा वायुसेनेच्या सी-17 विमानांनी इंदूरहून ऑक्सिजनचे टँकर जामनगरला नेले. ते टँकर रिकामे होते. भरलेले टँकर मग रस्त्याने आले. महाराष्ट्रासाठी 19 एप्रिल रोजी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन आगगाडी विशाखापट्टणमला गेली आणि भरून नागपूर व नाशिकला आली, तीही रुळांवरून. लोक विचारत होते की माणसे मरत असताना भरलेले टँकरच विमानाने का आणत नाहीत. द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांच्या आसपास उकळतो, टाकीतून सतत थोडा थोडा वायू बाहेर सोडावा लागतो, आणि बंद विमानात तो वायू साचणे म्हणजे प्रत्येक ठिणगीला आमंत्रण. आणीबाणीतही हा नियम मोडला गेला नाही. म्हणूनच रुग्णाच्या खांद्यावर मावणारे द्रवरूप ऑक्सिजनचे छोटे उपकरणही प्रवासी विमानात पूर्णपणे निषिद्ध आहे. त्याला कोणाची परवानगी मिळत नाही.

दाबाने भरलेल्या सिलेंडरचे उदाहरण 25 जुलै 2008 चे आहे. क्वांटास कंपनीचे बोइंग 747 विमान हाँगकाँगहून मेलबर्नला निघाले होते. विमानाच्या स्वतःच्या आपत्कालीन ऑक्सिजन सिलेंडरांपैकी एक हवेतच फुटला आणि विमानाच्या पोटाला भगदाड पडले. वैमानिकांनी विमान मनिलाला उतरविले. 365 जण होते, सर्व सुखरूप उतरले. तज्ज्ञांनी तपासलेला, विमानासाठीच बनविलेला सिलेंडर असे करू शकतो, तर गल्लीतल्या दुकानात भरलेल्या सिलेंडरबद्दल विमान कंपनी साशंक असेल तर तिला दोष देता येत नाही.

रासायनिक नळकांड्यांची कथा अधिक दुःखद आहे, आणि भाषेच्या अध्यापकाने तर ती वर्गात सांगितलीच पाहिजे. 11 मे 1996 रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे डीसी-9 विमान मायामीहून अटलांटाला निघाले आणि काही मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. 110 माणसे गेली. विमानाच्या सामानकक्षात दुसऱ्या विमानांतून काढलेली जुनी ऑक्सिजन नळकांडी खोक्यांत भरून ठेवली होती. ती 'मुदत संपलेली' होती, म्हणजे जुनी झालेली पण आतले रसायन शाबूत असलेली. कागदावर मात्र ती 'रिकामी' अशी चढली. सुरक्षेच्या टोप्या बसविलेल्या नव्हत्या. धक्क्याने एखादे सुरू झाले, तापले आणि आग लागली. त्या सामानकक्षाची रचना अशी होती की आग लागलीच तर हवा न मिळाल्याने ती विझावी. पण येथे जे जळत होते तेच ऑक्सिजन देत होते. 'मुदत संपलेले' आणि 'रिकामे' यांत फरक न केल्याची ही किंमत. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेने अशी नळकांडी प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास बंदी केली.

भारतातील नियमांची चौकट

हवाई मार्गाने धोकादायक माल नेण्याबाबत भारतात 2003 साली स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनी येथील वाहतूक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, तांत्रिक सूचनांना बांधून घेतली. मूळ 1934 च्या विमान कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. आयसीएओच्या सूचनांत प्रवाशाने काय जवळ बाळगावे याचा वेगळा भाग आहे. त्यानुसार वैद्यकीय उपयोगाचा वायुरूप ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने नेता येतो. एकेका सिलेंडरचे वजन, रिकाम्या लोखंडासह, 5 किलोपेक्षा जास्त असता कामा नये, झडप सुरक्षित असली पाहिजे आणि तो कोठे ठेवला आहे हे मुख्य वैमानिकाला कळविले पाहिजे. घरोघरी दिसणारा बी-टाइप सिलेंडर या मर्यादेत बसूच शकत नाही. शिवाय संमती देणे ही कंपनीची मर्जी आहे. बऱ्याच कंपन्या प्रवाशाचा सिलेंडर घेतच नाहीत. काही आपला सिलेंडर पैसे घेऊन पुरवितात, काही तेही करीत नाहीत. अमेरिकेत प्रवाशाला स्वतःचा भरलेला सिलेंडर केबिनमध्ये आणता येत नाही. म्हणून पुढे परदेशचे विमान बदलायचे असेल तर पहिल्या कंपनीची संमती पुरेशी नसते, हे प्रवास-पर्यटनाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

एक किरकोळ पण वरचेवर दिसणारी वस्तू म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा, फवाऱ्याच्या डब्यासारखा हलका 'ऑक्सिजन कॅन'. लेहला जाणारे पर्यटक तो आवडीने घेतात. तो वैद्यकीय सिलेंडर नाही, म्हणून वरील सवलतीतही येत नाही. दाबाखाली भरलेला ऑक्सिजन एवढीच त्याची ओळख, आणि ती विमानतळावर पुरेशी आहे.

यंत्राचा प्रवेश

काँसन्ट्रेटरच्या आत झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे खडे असतात. पंप खोलीतली हवा दाबाने त्यातून ढकलतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की खडे नायट्रोजन सोडून पुन्हा तयार होतात. बाहेर येणारा वायू साधारण 87 ते 96 टक्के शुद्ध असतो. बटन बंद केले की आत साठा राहत नाही. हे इतके निरुपद्रवी असूनही बरीच वर्षे ते विमानात चालू करता येत नव्हते, कारण नियमांत त्याचे नावच नव्हते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, 2005 मध्ये विशेष नियम करून प्रथम एअरसेप लाइफस्टाइल आणि इनोजन वन ही दोनच यंत्रे मान्य केली. पुढे यादी वाढत गेली. प्रत्येक नव्या यंत्रासाठी नियम बदलणे अवघड झाले, तेव्हा 2016 मध्ये यादी सोडून कसोट्या ठरविल्या: यंत्राने विमानाच्या रेडिओ यंत्रणेत अडथळा आणू नये, त्यात बॅटरीखेरीज धोकादायक पदार्थ नसावा, कायद्याच्या व्याख्येतला दाबयुक्त वायू त्याने तयार करू नये, आणि या कसोट्या पूर्ण होतात असे निर्मात्याने यंत्रावरच लाल अक्षरांत लिहावे.

ही लाल ओळ आपल्या विद्यार्थ्यांनी ओळखायला शिकली पाहिजे. नियम अमेरिकेचा असला तरी जगातील अनेक विमान कंपन्या हीच कसोटी मानतात, आणि काउंटरवरचा कर्मचारी यंत्र उलटून प्रथम तीच शोधतो. जुन्या मान्य यादीतील यंत्रांवर ती नसली तरी चालते. तेव्हा मॉडेलचे नाव पाहतात. आपल्याकडे अडचण अशी झाली की 2021 च्या त्या दिवसांत जे मिळेल ते घेतले गेले. 30 एप्रिल 2021 रोजी सरकारने वैयक्तिक वापराचे काँसन्ट्रेटर परदेशातून भेट म्हणून टपालाने वा कुरियरने मागविण्याची सवलतही दिली होती. ती गरजच होती. पण त्यामुळे घरोघरी अशी यंत्रे आली की ज्यांच्यावर ना लाल ओळ, ना वाचता येईल असे माहितीपत्रक. घरात ती उत्तम चालतात. विमानात चालतीलच असे नाही.

बॅटरी : खरी मेख येथे आहे

विमानात वापरायच्या यंत्राची बॅटरी लिथियम-आयनची असते. कमी वजनात पुष्कळ वीज साठविणे हा तिचा गुण आणि बिघडली की स्वतःच तापत जाऊन पेटणे हा अवगुण. जानेवारी 2013 मध्ये बॅटरीच्याच कारणाने बोइंग 787 विमाने जगभर जमिनीवर उभी राहिली, त्यांत एअर इंडियाची सहा होती. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानात उड्डाणापूर्वीच वरच्या सामानकप्प्यात आग लागली. संशय पॉवर बँकेवर गेला. माणसे वाचली, विमान जळाले.

बॅटरीची मोजणी वॉट-तासांत होते आणि ती आठवीच्या विद्यार्थ्याला येईल अशी आहे. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. समजा 14.4 व्होल्ट आणि 6.8 अँपिअर-तास असे लिहिले आहे, गुणाकार 97.9 वॉट-तास. 100 पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची खास संमती लागत नाही. 100 ते 160 च्या दरम्यान असेल तर संमती घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. 160 च्या वर असेल तर हातसामानातून मुळीच नेता येत नाही. आकडा मिली-अँपिअरमध्ये असेल तर आधी हजाराने भागावे. येथे विद्यार्थी हटकून चुकतात. सुट्या बॅटऱ्या नेहमी केबिनमध्ये, हातातल्या पिशवीत ठेवायच्या, मोठ्या सामानात कधीही नाही, कारण केबिनमध्ये धूर दिसतो आणि माणूस काहीतरी करू शकतो. टोकांना चिकटपट्टी लावावी किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवावी. नाण्यांच्या व किल्ल्यांच्या खिशात सुटी बॅटरी टाकणे म्हणजे ठिणगी बरोबर घेणे.

किती बॅटऱ्या न्याव्यात? अमेरिकेच्या 2008 च्या नियमाने कंपन्यांना अशी अट घालण्याची मुभा दिली की उड्डाणाला जितका जास्तीत जास्त वेळ लागेल त्याच्या दीडपट वेळेच्या बॅटऱ्या प्रवाशाजवळ असाव्यात, आणि ही दीडपट आता पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. मला मात्र हा हिशेब आपल्या गावांच्या दृष्टीने अपुरा वाटतो. मुंबईचे विमान आम्ही इंदूरहून धरतो, इंदूर पंचावन्न-साठ किलोमीटर. घरातून विमानतळ दीड तास, तेथे दोन तास आधी पोहोचणे, आकाशात सव्वा ते दीड तास, उतरून सामान घेऊन मुंबईच्या रहदारीतून मुक्कामी पोहोचणे आणखी दीड तास. उड्डाणाच्या दीडपट म्हटले तर सव्वादोन तासांची बॅटरी पुरते. दारापासून दारापर्यंत म्हटले तर साडेसहा तास लागतात आणि त्यांची दीडपट पावणेदहा तास होते. एक बॅटरी चार तास चालत असेल तर कंपनीच्या हिशेबात एक पुरते, आपल्या हिशेबात तीन लागतात. विमानातल्या आसनाजवळच्या विजेवर विसंबू नये. असली तरी ती यंत्र चालविण्याइतकी असेलच असे नाही. जेद्दाहला किंवा लंडनला जाणाऱ्यांनी हाच हिशेब विमानतळावरच्या ताटकळण्यासह करावा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. घरातले मोठे यंत्र मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन अखंड देते. पिशवीत मावणारे यंत्र तेवढा तयारच करू शकत नाही. ते रुग्णाने श्वास आत ओढला की त्या क्षणी एक झोत देते. याला पल्स म्हणतात. अशा यंत्रावरील '2' हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे, तो केवळ पायरीचा क्रमांक आहे, आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांतला '2' सारखा नसतो. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्या रुग्णाचा श्वास यंत्राला कळतोच असे नाही. म्हणून ज्या यंत्राने जायचे तेच बोटाला ऑक्सिमीटर लावून घरी, बसून आणि चालून, आधी वापरून पाहिलेच पाहिजे.

अर्जातील एक शब्द

विमान कंपनीच्या वैद्यकीय अर्जाला मेडिफ म्हणतात. तो रुग्णाच्या डॉक्टरांनी भरायचा असतो आणि साधारणपणे निदान 48 तास आधी कंपनीला मिळावा लागतो. आजार काय, ऑक्सिजन मिनिटाला किती, कोणत्या यंत्रातून, रुग्ण प्रवासास योग्य आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मामूंच्या दुसऱ्या प्रवासाच्या वेळी डॉक्टरांनी 'सतत' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. त्यांना म्हणायचे होते की प्रवासभर नळी लावून ठेवावी. वाचणाऱ्याने अर्थ घेतला की अखंड झोताचे यंत्र लागेल, आणि आमचे तर पल्सचे. फोनवर अर्धा तास गेला. 'किती वेळ' आणि 'कशा पद्धतीने' हे दोन वेगळे प्रश्न आहेत व इंग्रजीत त्यांना एकच विशेषण चालते. आता मी रुग्णसहायकाच्या वर्गात अर्जाची भाषा शिकविताना हे दोन प्रश्न दोन ओळींत लिहून घेतो. कंपनीला फोन करतानाही 'ऑक्सिजनची मशीन' म्हणू नये. यंत्राचे मॉडेल, लाल ओळ आहे की नाही, बॅटरी किती वॉट-तासांची आणि किती नग, एवढे एका दमात सांगावे आणि उत्तर ई-मेलने मागावे.

नकाराचेही नियम आहेत. भारतीय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, अपंग व हालचालींस असमर्थ प्रवाशांबाबतच्या नियमावलीनुसार ज्याला प्रवासात वैद्यकीय लक्ष किंवा विशेष उपकरण लागते त्याच्याकडून कंपनी वैद्यकीय दाखला मागू शकते, पण प्रवास नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. 12 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना विमानातून उतरविल्याबद्दल दहा लाख रुपयांची भरपाई देण्यास सांगितले होते. आमच्या पहिल्या खेपेस मात्र लेखी कारण मागावे असे काही नव्हते. काउंटरवरची मुलगी बरोबर होती.

केबिनमध्ये

येथे फारसे काही नाही. यंत्र चालू ठेवणाऱ्याला आपत्कालीन दाराच्या रांगेत बसता येत नाही. उड्डाण व उतरताना ते पुढच्या आसनाखाली असावे, हवा ओढण्याची जाळी झाकली जाऊ नये, आणि नळी दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये. म्हणून खिडकीजवळची जागा सोयीची. यंत्राचे इशारे कोणता आवाज करून देतात हे रुग्णाला किंवा सोबत्याला कळले पाहिजे. नाकाला नळी असताना व्हॅसलीन, बाम, तेलकट मलम लावू नये, कारण तेल आणि ऑक्सिजन यांचे जमत नाही. लागलेच तर पाण्यात मिसळणारे मलम वापरावे. अत्तरही तेलातलेच असते. मामूंना हे पटवायला नियमापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरा प्रवास जानेवारी 2023 मध्ये झाला. इंदूरहून भाड्याने आणलेले अडीच किलोचे यंत्र, त्यावर लाल ओळ, तीन बॅटऱ्या. मुंबईकडच्या गर्दीमुळे विमान एक तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. पहिली बॅटरी इंदूरच्या प्रतीक्षाकक्षातच संपली. आकाशात मामूंचा आकडा 90 च्या खाली गेला नाही; त्यांनी दर पाच मिनिटांनी बोट पुढे करून मला तो वाचायला लावला. टॅक्सीत दुसरी बॅटरी संपली आणि आम्ही तिसरी लावली, तेव्हा मुक्काम अजून सात किलोमीटर दूर होता.